वॉरंट हाडलंस?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तावडेकाकांची बेल वाजवली की दार साखळीपुरतं उघडतं, फटीत एक डोळा दिसतो आणि प्रश्न येतो, "वॉरंट हाडलंस?"

हाडलंस म्हणजे आणलंस. काका मूळचे मालवणकडचे, जन्म गेला टेम्पो चालवण्यात. नाक्यानाक्यावर कुणीही गाडी थांबवून ताडपत्री वर करायचं, त्याचा हा सूड असावा. दूधवाला, केबलवाला, काकांची सख्खी मेव्हणी, सगळ्यांना हाच प्रश्न. मी सोसायटीचा सेक्रेटरी, तरी दिवाळीच्या चकल्या मला फटीतून एकेक करून आत सरकवाव्या लागल्या. बायको म्हणाली, "काका निदान काहीतरी विचारतात. बाकी तुला इथे विचारतंय कोण?"

गेल्या महिन्यात मात्र पोलीस खरंच वॉरंट घेऊन आले. काकांनी भंगारात काढलेल्या टेम्पोचा नंबर दुसऱ्याच टेम्पोला लावून कुणीतरी चोरटी रेती वाहत होतं. म्हणून जुन्या गाडीचं घरात जे सापडेल ते जप्त करायचं होतं. झडतीला दोन पंच लागतात. एक वॉचमन मिळाला, दुसरा मी. पंच म्हटल्यावर मी इस्त्रीचा शर्ट घालून, निवाडा द्यायच्या तयारीने गेलो. तिथे कळलं, नुसतं बघायचं आणि सही करायची.

तरुण फौजदाराने कागद फटीतून आत दिला. काकांनी तो वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. शिक्का नखाने खरवडून पाहिला. मग साखळी काढून ते दारातच उभे राहिले.

"आता काय करूचा?" त्यांनी मलाच विचारलं.

मला तरी कुठे ठाऊक? मी म्हणालो, "बसायला सांगा."

पण घरात एकच प्लास्टिकचं स्टूल. खिडकीशी मात्र टेम्पोची ड्रायव्हरशेजारची सीट होती, लाकडी चौकटीवर ठोकलेली, वर धुतलेला टॉवेल. हवालदार तिच्यावर टेकणार तोच काका आडवे आले.

"त्याच गाडीची ना?" फौजदार म्हणाला. "न्यावी लागेल."

काका खोटं बोलले नाहीत. सीटच्या पाठीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "सायबानू, थंय ती बसता."

ती म्हणजे काकी. भाडं कुठलंही असो, त्या टेम्पोत काकांशेजारी असायच्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झालीत, हे वॉचमनलाही माहीत होतं.

फौजदाराने वॉरंट पाहिलं, सीट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. पंचाने मधे बोलायचं नसतं, हे मी नुकतंच शिकलो होतो. तरी बोललो, "साहेब, सीटवर काही नंबर नसतो."

त्याने वाकून सीटखाली नजर टाकली, सरकलेला टॉवेल नीट केला आणि पंचनाम्यात लिहिलं, काही मिळून आलं नाही. मी सही केली.

परवा पाण्याच्या टाकीचं सांगायला गेलो. साखळी, डोळा, प्रश्न.

"नाही आणलं, काका."

साखळी निघाली. मला स्टूल मिळालं. काका स्वतः सीटच्या उजव्या अंगाला, ड्रायव्हरच्या जागी, जमिनीवर बसले.