कापूसरावांचे मुखावरील केसांची मोहीम

घरातील तमाम लहानथोरांस दंडवत करोन लिहिण्यात येते की, श्रीमंत कापूसराव, जात श्वान, वय वर्षे चार, देह मूठभर आणि केस पोतेभर, यांचे मुखावर केसांनी अंमल बसवोन दोन्ही नेत्र जप्त केले, त्या काळची ही हकिकत. घडले तेच लिहिले. पदरचे घातले असेल ते थोडकेच.

त्या समयी श्रीमंतांस कोचाची कड दिसेनाशी जाहली, आणि एकवार उडी चुकोन ते खाली आपटले, मग आजोबांचे मांडीवर जाणे त्यांनी बंद केले. आजोबांनी सबब निराळीच काढिली. उतारवयात माणसे टाळतात हे ठाऊक होते, आता कुत्र्यानेही पाठ फिरविली, ऐसे म्हणोन बहुत कष्टी जाहले, आणि रोज श्रीमंतांस मोठ्याने वाचोन दाखवीत ते वर्तमानपत्र मनातच वाचू लागले. सूनबाई मोठ्या चाणाक्ष. श्रीमंत स्टुलावर थडकले ते पाहोन, दुखणे केसांचे आहे हे त्यांनी ताडिले, आणि रविवारी सकाळी मोहीम मुक्रर केली.

आघाडी सूनबाईंचे यजमानांनी हट्टाने मागोन घेतली. शिवणाचे डब्यातील टोकदार कात्री उपसोन आले, आणि श्रीमंत राजी व्हावे म्हणोन बिस्किटांची सारी रसद मोहिमेआधीच सुपूर्द केली. श्रीमंतांनी ती फस्त केली, मग कात्रीची कचकच ऐकिली, आणि पलंगाखालील किल्ल्यात दाखल होऊन गुरगुरू लागले. यजमान अर्धे पलंगाखाली आणि अर्धे बाहेर, ऐसी शिकस्त जाहली. सूनबाईंनी ती कात्री काढोन घेतली, डोळ्यांजवळ असले हत्यार नेणारास माफी नाही ऐसा हुकूम फर्माविला, आणि आजोबांकडे कुमक मागितली. जेथे कुत्रा विचारीत नाही तेथे आपण काय कामाचे, ऐसा जबाब आला.

सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही नुसता पेपर वाचा. मोठ्यानं."

मग आजोबांनी बाजारभावाचे पान काढोन कांद्यापासोन आरंभ केला, आणि तो आवाज ऐकोन श्रीमंत आपल्या पायांनी किल्ल्याबाहेर आले, टेबलावरील टॉवेलावर बसविले गेले, आणि आजोबांचे तळहातावर हनुवटी टेकोन पेंगू लागले. सूनबाईंनी ओल्या फडक्याने चिपडे पुसली, केसांखाली कंगवा घालोन कातडीस आड केला, आणि बोथट टोकांची लहान कात्री डोळ्यांपासोन बाहेरचे दिशेस धरोन, कंगव्यावर आले तेवढेच केस उतरविले. बटाट्यापासोन लसणापर्यंत उजवा डोळा सुटला. लसणास आजोबांस शिंक आली, परंतु सूनबाईंनी कात्री तत्काळ मागे घेतली, सबब अनर्थ टळला. भुईमूग संपेतो डावाही मोकळा जाहला.

श्रीमंतांनी नेत्र उघडिले, तो समोर आजोबा. पळभर टक लावोन पाहिले. मग खाली सोडताच कोचापाशी दौड केली, आजोबा तेथे येऊन बसतात न बसतात तोच कड नीट बेतोन उडी घेतली, आणि मांडी काबीज केली.

"दिसत नव्हतं होय रे तुला," आजोबा म्हणाले. "मला वाटलं..."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. कोणास ओरखडा नाही. डावी मिशी उजवीहून आखूड पडली, परंतु यजमानांखेरीज ते कोणी बोलोन दाखविले नाही. श्रीमंत मांडीवर दोन घटका निजले, आणि पायांस मुंग्या येऊनही आजोबा तसूभर हलले नाहीत, हे दफ्तरी दाखल केले असे.