न्हाणीघरातला राजीनामा

पंतप्रधान दाढी करायला थोरल्या बहिणीच्या न्हाणीघरात शिरले आणि आतच अडकले. कडी निघाली, पण दार काही जागचं हलेना.

बाहेर सचिव हातात भाषण घेऊन उभे होते. सरकारी बंगल्याला पत्रकारांचा वेढा पडला म्हणून साहेब आदल्या दिवशी गुपचूप इथे आले होते, आणि उजाडतं न उजाडतं तोच सगळे पत्रकार ताईंच्या फाटकाशी हजर! आता साहेबांनी खाली जाऊन एवढंच पुन्हा एकदा ठणकावून सांगायचं होतं, की पुलाच्या घोटाळ्यातल्या त्या ठेकेदाराला मी ओळखतच नाही. तेवढं जमलं, तर साहेबांची खुर्ची वाचणार होती आणि तिला टेकून असलेली सचिवांचीही.

अंगरक्षकाने बाह्या सरसावल्या. "मारू का खांदा?"

"खबरदार!" ताई हातातल्या झाऱ्यासकट स्वयंपाकघरातून धावल्या. "भाड्याचं घर आहे. दार मोडलं तर मालक मलाच रस्त्यावर काढेल. सुताराला निरोप धाडलाय मी."

सुतार काही येईना. येणार तरी कसा? भाषणाची वेळ टळली तसे टीव्हीवाले सांगू लागले, की पंतप्रधान हटून बसलेत. ते ऐकून समर्थक आले, समर्थक आले म्हणून विरोधक आले, आणि दोघे आले म्हणून पोलिसांनी रस्ताच बंद केला. या गडबडीत ताईंच्या फाटकापाशी ठेवलेल्या कुंड्यांचा मात्र चुराडा झाला.

"साहेब, भाषण दाराखालून सरकवतो," सचिवांना युक्ती सुचली. "झरोक्यातून वाचून दाखवा."

कागद सरकला तो थेट पाण्यात.

"अहो, शाई पसरली सगळी!" आतून आवाज आला. "आता काय वाचू, माझं कपाळ?"

ताईंनी स्टूल ओढलं आणि दाराशी बसल्या.

"धाकट्या, ऐकतोयस ना?"

"ताई, आत्ता नको गं."

"आत्ताच. एरवी तू सापडतोस कुठे? तो ठेकेदार गेल्या वर्षी तुझ्याबरोबर इथेच जेवून गेला. दोनदा मागून घेतलं त्याने. आणि तू म्हणतोस, ओळखत नाही. मग मी वाढलं कुणाला? भुताला?"

"ताई, हा राजकारणाचा विषय आहे," सचिव मध्येच म्हणाले.

"जेवणाचा विषय आहे. तुम्ही गप्प बसा."

आत नळ चालू होता, तो बंद झाला. मग बादली पालथी घातल्याचा आवाज आला. खालच्या गर्दीला झरोक्यात अर्धा चेहरा दिसला, गालावर साबण तसाच.

"मी त्या माणसाला ओळखतो," पंतप्रधान म्हणाले. "काम मीच दिलं. खोटंही मीच बोललो. मी राजीनामा देतो."

बघता बघता रस्ता ओस पडला. समर्थक, विरोधक, कॅमेरे, अगदी अंगरक्षक आणि गाडीसुद्धा नव्या साहेबांच्या दारी गेली. सचिवांचा फोन वाजायचा थांबला. त्यांना जायला जागाच उरली नव्हती.

मग ताई उठल्या. त्यांनी पदर खोचला, मूठ धरून दार जरासं वर उचललं आणि गुडघ्याने ढोसलं. दार उघडलं.

अर्धी दाढी झालेले धाकटे बघतच राहिले. "म्हणजे हे उघडत होतं?"

"पहिल्यापासून असंच उघडतं. तू कधी चार दिवस राहिलास तर कळेल ना!"

"आणि सुतार?"

"कसला सुतार? चल, चार घास खाऊन घे. तोंड किती उतरलंय बघ."

धाकट्यांना काय झालं कोण जाणे, ते हसायला लागले, आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले.

सचिवांना घाम फुटला होता. "मी जरा तोंड धुऊन येतो," असं पुटपुटत ते आत गेले. दार लागलं. थोड्या वेळाने आतून क्षीण हाक आली, "ताई... दार..."

ताईंनी स्टूल पुन्हा ओढलं.

"घाबरू नका हं. सुताराला निरोप धाडते. तोवर मला एवढं सांगा, ते भाषण लिहिलं कुणी होतं?"