राणीचा जिना आणि कंट्रोलरांची रांग

सकाळी सातपासून कंट्रोलरीणबाई हॉटेलच्या खोलीत जिना उतरत होत्या. खोलीत जिना नव्हता, पण त्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. मान ताठ, डावा हात किंचित पुढे, जांभळी शाल खांद्यावरून मागे सोडलेली, अशा त्या खिडकीपासून दारापर्यंत येत आणि पुन्हा खिडकीकडे जात.

"अगं, चहा गार होतोय," कंट्रोलर म्हणाले.

"राणी सिंहासन सोडून निघालीये, आणि तुम्हाला चहा सुचतोय!"

कंट्रोलर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण चौतीस वर्षं बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून काढल्यावर सख्खी भावंडंसुद्धा त्यांना याच नावाने हाक मारू लागली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत त्यांना कुणी काहीही विचारलं नव्हतं. घरात दोनच माणसं. त्यांची रांग ती कशी लावणार?

बाईंचे दिवस मात्र मजेत जात होते. त्या टीव्हीवरची राणीची मालिका बघत. पलंगावर पाय पसरून, कानाला फोन लावून, फोनच्या दुसऱ्या टोकाला धाकटी बहीण. सातही भाग दोघींनी दोनदा बघितले होते आणि शेवटच्या प्रसंगाला दोन्हीदा सारख्याच रडल्या होत्या. राणी मुकुट काढून ठेवते आणि समुद्राकडचा दगडी जिना एकटी उतरून जाते, तो प्रसंग. त्याचं चित्रीकरण या तटबंदीच्या जुन्या शहरात झालं होतं. बहीणही सहलीला यायची होती, पण ऐनवेळी तिच्या गुडघ्याने दगा दिला. "ताई, माझ्या वाटणीचा जिना तूच उतर," ती फोनवर म्हणाली होती, "पण फोटो मात्र हवा हं मला." बाईंनी तसा शब्द दिला होता.

सहलीच्या कार्यक्रमात या शहराला एकच दुपार होती. पाच वाजता वेशीबाहेरून बस सुटणार होती, कुणासाठीही न थांबता.

शहर होतं मोठं देखणं. भोवती दोन पुरुष उंचीचे तट, तटाला खालून धडका देणारा समुद्र, आणि आत पायांनी झिजून गुळगुळीत झालेल्या दगडी गल्ल्या. दर दुसऱ्या दुकानात पुठ्ठ्याचे मुकुट टांगलेले. कंट्रोलरांनी उन्हासाठी एक रुंद काठाची टोपी घेऊन डोळ्यांपर्यंत ओढली आणि साडेतीनला दोघं राणीच्या जिन्यापाशी पोचली.

तिथे ही गर्दी! शंभरेक माणसं एकमेकांच्या पायांवर उभी होती. प्रत्येकाला राणी व्हायचं होतं. एका वेळी चार-चार राण्या जिना उतरत होत्या आणि मधूनच एखादा दाढीवाला राजा वर चढत होता. बाईंनी पदर खोचला, शाल आवळली आणि कोपराने वाट काढत त्या पाहता पाहता पहिल्या पायरीपाशी पोचल्यासुद्धा. आता दोन मिनिटांत काम फत्ते झालं असतं.

पण कंट्रोलरांना ते दृश्य बघवेना. त्यांचे हात शिवशिवू लागले. आणि मग चार वर्षं घशात अडकलेला तो आवाज एकदम बाहेर पडला.

"ए, काय चाललंय काय? रांग! सगळ्यांनी रांग करा! भिंतीच्या कडेने, एकामागे एक! जिन्यावर माणशी एक मिनिट!"

गंमत अशी, की आवाजात जरब असली की ओळखपत्र कुणी मागत नाही. गर्दी चटकन हलली. पाच मिनिटांत भिंतीच्या कडेने सुतासारखी सरळ रांग उभी राहिली.

"मध्ये घुसलेले सगळे शेवटी जा," कंट्रोलर गरजले. "तुम्ही, लाल शर्टवाले. तुम्ही दोघं. आणि तुम्हीसुद्धा, बाई."

'बाई' जागच्या जागी थिजल्या.

"अहो, मी आहे!"

"कुणी का असेना. घुसलात ना? मग शेवटी."

एकशे बारा माणसांच्या मागे जाऊन उभ्या राहिलेल्या बाईंच्या मनात जे शब्द आले, ते राणीच्या तोंडी शोभण्यासारखे नव्हते.

इकडे कंट्रोलरांना आभाळ ठेंगणं झालं होतं. लोक त्यांना येऊन विचारू लागले. तटावर कुठून चढायचं? स्वच्छतागृह कुठे? तटाचा समुद्राकडचा दरवाजा किती वाजता बंद होतो? ते शहरात प्रथमच येत होते, तरी सगळ्यांना उत्तरं देत होते आणि लोक आभार मानून भलतीकडेच जात होते. रांगेमुळे दुकानाचं दार अडलं म्हणून टोप्यांचा दुकानदार भांडायला आला, तर त्यांनी रांगेला असं वळण दिलं की ती त्याच्या दुकानातूनच गेली. दुकानदार खूश झाला आणि त्याने त्यांना बसायला खुर्ची आणून दिली. शेवटी खुद्द शहराचा पहारेकरी आला, त्याने रांगेकडे बघून समाधानाने मान हलवली आणि चहा प्यायला निघून गेला.

सव्वाचार झाले. बाईंच्या पुढे अजून सत्तर माणसं होती. त्यांनी पुढच्या आजोबांच्या खांद्याला हात लावला. "जरा पुढे सांगता का? त्या टोपीवाल्या साहेबांना म्हणावं, तुमच्या बायकोची बस पाचला आहे."

निरोप हातोहात पुढे गेला. उत्तरही तसंच मागे आलं. "साहेब म्हणतात, रांगेत सगळे सारखे." त्यापुढे प्रत्येकाने आपापलं मत जोडलं होतं आणि त्यातलं एकही साहेबांच्या बाजूचं नव्हतं.

"म्हणजे स्वतःच्या बायकोला शेवटी पाठवलं?" एक तरुणी कळवळून म्हणाली.

"पस्तीस वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "मला सवय आहे."

आजोबांनी घसा खाकरला. "बाई, तुम्ही माझ्या जागी या. मी तुमच्या जागी उभा राहतो."

मग त्यांच्या पुढच्यानेही जागा बदलली. मग त्याच्या पुढच्या जोडप्याने. रांग न मोडता बाई एकेक माणूस पुढे सरकू लागल्या. कंट्रोलरांना दिसलं, ते उठले, नियम आठवू लागले. पण आपली जागा दुसऱ्याला देऊ नये असा नियम चौतीस वर्षांत त्यांनी कधी केलाच नव्हता. ते पुन्हा खुर्चीत बसले.

पावणेपाचला बाई जिन्यापाशी आल्या. फोन नवऱ्याच्या हातात कोंबला. "माणशी एक मिनिट ना? घड्याळ लावा."

त्या वर गेल्या आणि वळल्या. समुद्राच्या वाऱ्याने शाल उचलली. मान ताठ, डावा हात किंचित पुढे, अशा त्या उतरू लागल्या. मालिकेचा एकही भाग कधी न बघितलेले कंट्रोलर पायथ्याशी उभे होते. बायकोला ते रोज बघत होते, पण असं बघायला त्यांना फुरसत कधी झाली होती? त्यांना फार बरं वाटत होतं, आणि का ते कळत नव्हतं.

बाई शेवटची पायरी उतरल्या. "काढला?"

"काय?"

"अहो, फोटो!"

कंट्रोलरांनी हातातल्या फोनकडे असं बघितलं, की जणू तो कुणीतरी आत्ताच दिला असावा. मग ते रांगेकडे वळले. "यांना... यांना अजून एकदा जाऊ द्यायचं का?" आयुष्यात प्रथमच ते रांगेला विचारत होते.

"जाऊ द्या की!" रांग ओरडली.

बाई पुन्हा वर गेल्या, पुन्हा उतरल्या. या वेळी त्यांना हसू आवरत नव्हतं, त्यामुळे त्या आणखीच छान दिसत होत्या. कंट्रोलर पुन्हा नुसतेच बघत राहिले. तेवढ्यात वेशीकडून बसचा हॉर्न वाजला.

"आता मी तिला काय दाखवू!" बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"काकू, मी काढलाय!" मघाची तरुणी धावत आली. "चांगले दहा-बारा काढलेत. नंबर सांगा, पाठवते."

दोघं धापा टाकत बसमध्ये चढली. फोटो आला होता. मस्तच होता. बाईंनी तो लगेच बहिणीला पाठवला. कंट्रोलर टोपी मांडीवर ठेवून उतारूंची डोकी मोजण्यात गुंतले होते. दोन मिनिटांत उत्तर आलं.

"ताई, काय दिसतेस गं! अगदी राणी! रडले मी. पण हा पायथ्याशी तोंडाचा आ करून तुझ्याकडे बघत उभा असलेला टोपीवाला कोण? भाऊजींना दाखवू नकोस हा फोटो, उगाच संशय घेतील."

बाईंनी एकदा शेजारी बघितलं, आणि उत्तर लिहिलं, "नाही दाखवत."