मास्तरांची सरळ रांग

मास्तरांच्या बायकोचं सगळं जग आता एका खोलीत मावत होतं. पलंगापासून खिडकीपर्यंत जायचं आणि खिडकीपासून पलंगापर्यंत परत यायचं. थंडीच्या दिवसांत दारासमोरच्या फुटपाथवर आडवी लावलेली गाडी चुकवायला ती रस्त्यावर उतरली, एका स्कूटरचा धक्का लागला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाती चार पायांचा वॉकर आला. "रोज घराबाहेर चाला, नाहीतर पाय आहे तसाच राहील," डॉक्टर म्हणाले. पण बाहेर फुटपाथ होता आणि फुटपाथवर गाड्या होत्या. रस्त्याचं तर आता नाव काढलं तरी ती पलंगाची कड घट्ट धरायची.

कोपऱ्यावर एक बाक होता. तिची जुनी मैत्रीण रोज संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतून येऊन त्यावर बसायची. तिचेही गुडघे गेलेले. बाकापर्यंत पोचण्यातच तिचा दम संपायचा. मग एक खिडकीतून आणि एक बाकावरून अशा दोघी एकमेकींना हात करायच्या, बोलणं काय ते रात्री फोनवर. रविवारी ती मैत्रीण लांब मुलाकडे राहायला जाणार होती, कायमची.

"अहो, एकदा तिच्या शेजारी बसायचंय मला," बायको म्हणाली. "हात करून करून खांदा दुखायला लागला."

मास्तरांनी पार्किंगच्या ऑफिसला फोन लावला.

"गाडी कुठे उभी आहे?"

"फुटपाथवर."

"मग ते आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे रस्ता. फुटपाथवाल्यांना विचारा."

फुटपाथवाल्यांनी विचारलं, "फरशी फुटलीय का?"

"फरशी दिसतच नाही हो. तिच्यावर गाड्या आहेत."

"फुटली की कळवा."

मास्तरांनी फोन ठेवला आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलली. जन्मभर त्यांनी लहान मुलांना शिकवलं होतं. कुणी मुद्दाम चुकत नाही, त्याला कुणी नीट समजावलेलं नसतं, असा त्यांचा विश्वास होता. एक गाडी निघाली तशी त्या मोकळ्या जागेत त्यांनी खुर्ची टाकली आणि येईल त्याला समजवायचं ठरवून बसले.

पहिलाच एक तरुण आला. काच खाली करून म्हणाला, "काका, खुर्ची जरा घेता का? लगेच लावतो."

"हे बघ बाळ, फुटपाथ कशासाठी असतो..." मास्तरांनी समजावण्यासाठी उठून खुर्ची बाजूला घेतली, तेवढ्यात गाडी वर चढलीसुद्धा. आणि वाकडी लागली.

इथे मास्तरांचा घात झाला. वाकडा समास, वाकडी रांग, वाकडी टोपी त्यांना कधी बघवली नव्हती. "वाकडी लागली," ते नकळत बोलून गेले. "मागे घे. चाक सरळ कर. घाई नको. हं, आता ये. शाब्बास!"

त्या पोराला शाब्बास म्हणणारं बहुधा कुणी राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो मित्राला घेऊन आला. नंतर मागे घेताना रडकुंडीला येणारी एक मुलगी आली. तिला मास्तरांनी आरसा कसा बघायचा ते शिकवलं. शनिवारपर्यंत रांग इतकी सरळ लागायला लागली की पूर्वीपेक्षा एक गाडी जास्त मावली.

"अहो," बायको खिडकीतून म्हणाली, "पूर्वी मधून निदान मांजर तरी जायचं."

"अगं, मी त्यांना लावू नका म्हणून सांगायलाच बसलोय."

"मग सांगा की!"

"आधी सरळ लावायची सवय लागू दे, मग सांगतो."

बायकोने खिडकी लावून घेतली. त्या दिवशी तिने बाकाकडे हातही केला नाही.

ज्याला मास्तरांनी चारचारदा मागे घ्यायला लावलं होतं, अशा एका चिडक्या गृहस्थाने ऑफिसला फोन केला. रविवारी संध्याकाळी गाड्या उचलणारी क्रेनची गाडी दारात येऊन थांबली. साहेब खाली उतरले.

"विनापरवाना पार्किंग कोण चालवतंय इथे?"

"मी? साहेब, तक्रार तर मीच केली होती!"

"ती फुटपाथची. ती आमच्याकडे येत नाही. विनापरवाना पार्किंग येतं. ही खुर्ची तुमची? जप्त."

पण क्रेन दिसताच घराघरांतून माणसं किल्ल्या घेऊन धावली. मास्तर जबाब देण्यात गुंतलेले, आणि त्यांच्या पाठीमागे सगळी सरळ रांग बघता बघता निघून गेली. फरशी दिसायला लागली. मग टक्, टक् असा वॉकरचा आवाज आला. पायऱ्या उतरून बायको साहेबांच्या शेजारून पुढे निघाली.

"याला अजून किती वेळ लागेल हो?" तिने विचारलं.

"जबाब मोठा आहे, आजी."

"सावकाश होऊ द्या," ती म्हणाली आणि बाकाकडे गेली.

खुर्ची क्रेनच्या गाडीत चढली आणि गाडी गेली. मास्तर बाकाशी पोचले तेव्हा दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या, काही न बोलता. एवढे दिवस फोनवर न संपणारं बोलणं कुठे गेलं होतं कोण जाणे. थोड्या वेळाने पलीकडे मुलाच्या गाडीचा हॉर्न वाजला. मैत्रीण उठली.

"पाय जप गं," ती म्हणाली.

"तू गुडघे जप."

एवढंच. ती गेल्यावर तिची जागा मास्तरांनी घेतली. अंधारून आलं. घराकडे पाहिलं, तर सगळ्या गाड्या परत आल्या होत्या. एकीला एक चिकटून, एका रेषेत, शिकवल्याबरहुकूम.

"सरळ लावल्यात हो," बायको म्हणाली. "आता मी घरी कशी जाऊ?"

मास्तरांनी रांगेतल्या गाड्या एकदा मोजल्या. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"हॅलो, पार्किंगचं ऑफिस? इथे एक म्हातारा विनापरवाना पार्किंग चालवतोय... हो, परत तोच... खुर्ची गेली तरी सुधारला नाही. क्रेन घेऊनच या."

"येतो," पलीकडून आवाज आला. "वेळ लागेल. तोवर पळू देऊ नका त्याला."

बायकोने मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"सांगा त्यांना," ती म्हणाली, "धरून ठेवलाय."