पोटमाळ्यावरचा नाताळ

घर माणसांसाठी तापवायचं असतं, हा एक जुना गैरसमज आहे. इंग्लंडात घर तापवतात ते तत्त्वासाठी, आणि हडर्सफील्डच्या वॉर्डल कुटुंबात ते तत्त्व सतरा अंशांवर ठरलेलं होतं. त्याची राखण बेरिलकडे होती. घराची ऊब ठरवणाऱ्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला तिचा नवरा डेस्मंड याने लग्न झाल्यापासून हात लावला नव्हता. थंडी वाजते असं कुणी म्हणालंच, तर त्याला दुसरा स्वेटर मिळे. (शंभरातल्या नव्वद घरांत हीच पद्धत आहे. उरलेली दहा पाहणीच्या दिवशी स्वेटर आणायला गेली होती.)

या व्यवस्थेला एकच धोका होता, बेरिलची थोरली बहीण एडना. गेल्या नाताळात ती जेवण संपेपर्यंत ओव्हरकोट घालून बसली आणि त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. त्या देशात याहून मोठा अपमान अजून निघालेला नाही. डेस्मंडच्या ते फार जिव्हारी लागलं. यंदा एडनाचा कोट उतरवायचाच, असा त्याने पण केला.

बायकोला सरळ विचारता आलं असतं, पण ते सभ्यपणाचं दिसलं नसतं. जिन्यावरच्या कपाटात एक पंप होता, तो खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत गरम पाणी ढकलून घर तापवी. डेस्मंडने गुपचूप त्याचं बटण एकवरून दोनवर नेलं. थर्मोस्टॅट जागच्या जागी, तत्त्व शाबूत. तरी घर गारच, म्हणून तीनवर नेलं.

नाताळच्या आदल्या दिवशी सजावटीची खोकी काढायला तो पोटमाळ्यावर चढला, तर चष्म्यावर वाफ धरली. तिथल्या छोट्या टाकीतून एक पाइप खाली उतरतो आणि यंत्रणेत पाणी कमी पडलं की भर घालतो. गार राहणं एवढंच त्याचं काम. डेस्मंडने त्याला हात लावला आणि ताबडतोब काढून घेतला.

मग निवृत्त माणसाला शोभेल अशा शास्त्रोक्त पद्धतीने त्याने दोष शोधायला घेतला. दुसरा हात लावून पाहिला. चहा केला. शेजारच्या क्लाइव्हला बोलावलं. क्लाइव्हने पाइपला बोट लावून ‘तापलाय’ असा तज्ज्ञ अहवाल दिला आणि चहा घेतला. प्लंबर नाताळनंतरच मिळणार होता. खाली रेडिएटर कोमट होते, वर टाकीतून वाफा निघत होत्या.

आता ऊब खाली येत नसेल तर पाहुण्यांनी वर जावं, हे ओघानेच आलं. बेरिलची हरकत नव्हती, कारण थर्मोस्टॅट सतरावरच होता. टर्की बादलीत घालून दोरीने ओढून घेतली. एडना कोटासह शिडी चढली आणि टाकीशेजारच्या ट्रंकेवर बसली. ग्रेव्ही शेवटपर्यंत गरम राहिली, हे त्या घरात प्रथमच घडत होतं. पुडिंग यायच्या आत एडनाने कोट काढला, नीट घडी केली आणि टाकीच्या झाकणावर ठेवला.

“यंदा घरात ऊब आहे हो,” ती म्हणाली.

डेस्मंडचे डोळे भरून आले. (वाफेमुळे, असं त्याने सांगितलं.)

नाताळनंतर गॅरेथ प्लंबर आला. दातांतून लांब श्वास ओढून त्याने धंद्याच्या रिवाजाप्रमाणे विचारलं, “हा उद्योग कुणाचा? पंप तीनवर ठेवलाय. पाणी एवढ्या जोरात वर चढतंय की वरच्या नळीतून टाकीत पडतंय, आणि तेच कढत पाणी या पाइपातून परत खाली येतंय. घर नाही, माळा तापवताय तुम्ही.”

“मागचा प्लंबर,” डेस्मंड म्हणाला.

गॅरेथला ते लगेच पटलं. त्या धंद्यात जगातले सगळे दोष त्या एकाच माणसाचे असतात. त्याने बटण एकवर आणलं, चहा घेतला आणि गेला.

बेरिलने कप उचलले. “मागच्या प्लंबरच्या सपाता जिन्यावर अगदी तुझ्यासारख्या वाजायच्या,” ती म्हणाली. “मला सांगायचं तरी. एडनाच्या कोटाचं मलाही लागलं होतंच की.”

“तुला उगाच त्रास कशाला,” डेस्मंड कसाबसा म्हणाला.

संध्याकाळी थर्मोस्टॅट विसावर होता. तो कुणी नेला, हे कुणी विचारलं नाही.

आपल्याकडे असलं काही चालत नाही. आपण घरात सगळं तोंडावर बोलतो. फक्त झोपताना पाचवर असलेला पंखा पहाटे दोनवर कसा येतो, याचा काय तो उलगडा अजून व्हायचाय. तुम्हाला तो झालेला आहे. आणि तुम्ही दबक्या पावलांनी रेग्युलेटरकडे जाता, तेव्हा पलीकडे डोळे मिटून पडलेल्या माणसालाही.