कांद्यात दिलेली लेक

गोदाक्काची धाकटी लेक ठकू कांद्यात दिली होती. स्थळ नावं ठेवण्यासारखं नव्हतं. सरपंचांच्या कांदाचाळीतला थोराड कांदा, त्याच्या आतल्या पापुद्र्यात घर, भिंतीला भिंत लागून शेजार. सणावाराला गोदाक्का चाळीपाशी जाऊन हाक मारायची, "ठकू, बरी आहेस ना गं?" आणि कांद्याची साल जराशी कुरकुरायची. जावई कधी बोलले नाहीत. पण कांद्यातली माणसं मितभाषीच, हे गावाला ठाऊक होतं.

संक्रांत झाली आणि तालुक्याहून पाटसकर साहेब अशा बारीक घरांची पाहणी करायला आले. नळीच्या भिंगाला डोळा लावला आणि पंचायतीच्या ओट्यावर जाहीर केलं, "भिंती आहेत, खोल्या आहेत, आत कुणी नाही. सगळी घरं ओसाड."

ओसाड घर पाडायचं, हा पंचायतीचा नियमच. सरपंच रंभाजीरावांनी लागलीच आचारी बोलावला आणि गावजेवणाला कांदाभजी ठरवली. आचाऱ्याने विळी मांडली. टोपलीत सगळ्यात वर ठकूचा कांदा.

गोदाक्का पदर खोचून ओट्यावर चढली. "साहेब, कांदा कुठला बघितलात?"

"कांदा नाही बघितला, आजी. डोळ्यांतून पाणी येतं. औषधाच्या बाटलीचं बूच बघितलं. घर ते घर."

"अहो, बूच म्हणजे झाडाची वाळकी साल! तिथली माणसं कधीच वर गेली. मसणात जाऊन गावाची शिरगणती करता होय?"

"मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे," साहेब म्हणाले. त्यांनी दोन्ही डोळ्यांवर रुमाल बांधला. मग काहीच दिसेना, म्हणून एका डोळ्यावरून वर सरकवला. ठकूच्या आळीचा पापुद्रा अलगद सोडवून काचेवर ठेवला आणि वाकले. "भिंती दिसतात. आत पाण्यासारखं काहीतरी. माणूस दिसत नाही."

"चालव रे विळी," सरपंच म्हणाले.

"हात लावशील तर बघ!" गोदाक्का आचाऱ्याच्या अंगावर ओरडली, मग साहेबांकडे वळली. "परका बाप्या डोळा लावून बसला तर माझी लेक पुढे येईल का? हळदीकुंकवाचे दिवस आहेत. मी बोलावते." तिने चिमूटभर कुंकू पाण्यात कालवलं आणि काडीच्या टोकाने त्याचा थेंब पापुद्र्यावर सोडला. "आता बघा. कपाळं दिसतात का?"

साहेबांचा उघडा डोळा आणखी उघडला. "घराघरात एकेक लाल ठिपका! मधोमध नाही, भिंतीला टेकून."

"तीच! लहानपणापासून भिंतीला टेकून बसायची खोड आहे मेलीला."

"पण सगळ्याच घरांत ठिपके?"

"मग! जावा आहेत तिच्या."

रंभाजीराव सहज ऐकणारे नव्हते. "राहतात, मान्य. पण आल्या कुठून? उकिरड्यावर चिलटं होतात तशा आपोआप झाल्या असतील, तर ते अतिक्रमण धरावं लागेल."

"थांबा," साहेब म्हणाले. "एका घरात धांदल चालली आहे. ठिपका लांबट झाला. दोन झाले! आणि मधे भिंत उभी राहतेय. गवंडी कुठेच दिसत नाही."

गोदाक्काने कानशिलावर बोटं मोडली. "अगं बाई, ठकू बाळंत झाली!" आणि हसता हसता म्हणाली, "सरपंच, घर घरातूनच निघतं. तुम्ही थोरल्याला वेगळं काढलंत, तेव्हा मधे भिंतच घातलीत ना?"

घरं राहती आहेत असा ठराव झाला आणि पाडकाम रद्द झालं.

"मग भजी बटाट्याची करू?" आचाऱ्याने विचारलं.

साहेबांनी बटाट्याची पातळ चकती बघितली. तिच्यातही घरं. वांग्यात घरं. कोथिंबिरीच्या पानात तर दाटीवाटी. सरपंच खो खो हसायला लागले, तसं साहेबांनी त्यांच्याच गालाच्या आतून काडीने जरा खरवडून घेतलं आणि कुंकवाचा थेंब सोडला.

"इथेही आहेत," साहेब म्हणाले. "भिंती नाहीत, नुसते पडदे. पण कुंकू प्रत्येकीला आहे."

रंभाजीरावांनी गाल धरला. "माझ्या तोंडात राहतात आणि मला पत्ता नाही? यांनी मत कुणाला दिलं?"

"ते गुप्त असतं," साहेब म्हणाले.

मिठात मात्र कुणीच राहत नव्हतं. त्या संध्याकाळी गाव मीठ चाटून पंगतीवरून उठलं. आचारी रडकुंडीला आला, तेव्हा गोदाक्कालाच दया आली. तिने रीत घालून दिली: विळीवर बसण्याआधी हाक मारायची आणि म्हणायचं, "या, आमच्याकडे राहायला या." आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

ठकूचा पापुद्रा जागच्या जागी बसवून तो कांदा गोदाक्काने मोरीच्या पाण्याशी लावला. त्याला पांढऱ्या मुळ्या फुटल्या आणि बाराव्या दिवशी बारशाचं बोलावणं आलं. गोदाक्का नातीला कुंची शिवायला बसली. सगळ्यात बारीक सुई घेतली, रेशमाचा एक धागा सोलून त्याचाही धागा काढला, तरी कुंची सुईच्या टोकाएवढी झाली. ठकूच्या अख्ख्या आळीवर पांघरता आली असती.

"असू दे," गोदाक्का दोरा तोडत म्हणाली. "वाढत्या अंगाची शिवली आहे."