दुसरा डोंगर

ताईचा पांढरा कोट हँगरशिवाय उभा राहिला, तेव्हाच खरं तर भिंगरीला संशय यायला हवा होता.

बाबांनी तो सकाळी टेबलावर ठेवला, तर दोन्ही बाह्या पुढे करून तो असा उभा, जणू आत्ता आभारप्रदर्शन सुरू करणार. बाबांची लाँड्री होती आणि कपड्याला खळ घालावी तर बाबांनीच. त्यांच्या हातची कॉलर माणूस झोपला तरी झोपत नसे.

"आज तुझा मोठा दिवस," बाबा ताईच्या अंगावर कोट चढवत म्हणाले. "आपल्या बाजूने काही कमी नको."

"बाबा, माझा हातच वाकत नाहीये."

"वाकेल, वाकेल. चारपर्यंत वाकेल."

चार वाजता मॅडम येणार होत्या. ताई पीएचडी करत होती आणि मॅडम तिच्या गाइड. त्यांना सलग तीन स्वच्छ रीडिंगं दाखवायची, एवढंच. नाही दाखवली, तर उद्यापासून मोजणीचं मशीन तीन महिने शेजारच्या विभागाकडे आणि ताईचा प्रबंध सरळ पुढच्या वर्षी. भिंगरी ही ताईची धाकटी बहीण. नववीत होती, शाळेला सुट्टी होती, आणि हे नाव तिला एका जागी न थांबण्याबद्दल मिळालं होतं. तिला प्रयोगशाळेत न्यायची अट एकच: कशालाही हात लावायचा नाही.

"श्वास घेऊ का?" भिंगरीने विचारलं.

"घे. पण सोडताना तोंड तिकडे कर."

ताई पाण्यात लिपिडच्या, म्हणजे एका स्निग्ध पदार्थाच्या, इवल्या पिशव्या करायची. पोकळ, गोल, आणि इतक्या बारीक की एका केसाच्या जाडीत पाच-सातशे ओळीने बसतील. पुढेमागे त्यांत औषध भरायचं होतं. आता इतकी बारीक गोष्ट मोजायची कशी? तर पाण्यावर लेझरचा किरण सोडायचा. छोट्या पिशव्या पाण्यात भराभर थरथरतात, मोठ्या सावकाश. त्यांच्यावरून विखुरलेला उजेड कसा लुकलुकतो ते बघून मशीन आकार सांगतं. सगळ्या पिशव्या सारख्या असल्या, तर पडद्यावर एकच टोकदार डोंगर उमटतो.

"आणि त्यात धूळ गेली तर?"

"संपलंच. वर्गात चाळीस मुली कुजबुजतायत आणि मध्येच तू बोलायला लागलीस, तर कोण ऐकू येईल?"

"मी!" भिंगरी अभिमानाने म्हणाली.

"तेच. तू म्हणजे धूळ."

ताईने बोटाएवढ्या चौकोनी कुपीत पिशव्यांचं पाणी भरलं आणि कुपी मशीनमध्ये ठेवली. दोन मिनिटांनी पडद्यावर डोंगर आला. छान, टोकदार. आणि त्याच्या उजवीकडे दुसरा. जाडा, बसका, न बोलावता जेवायला आलेल्या पाहुण्यासारखा.

"पिशव्या चिकटल्या वाटतं एकमेकींना," ताई पुटपुटली. तिने दोन सिरिंजांच्या मध्ये बारीक भोकांची गाळणी बसवली आणि पाणी इकडून तिकडे, तिकडून इकडे एकवीस वेळा दाबलं. कोटाच्या बाह्या प्रत्येक वेळी टेबलाच्या कडेवर खस्स, खस्स करत होत्या. नवं रीडिंग. दुसरा डोंगर आणखी वाढला.

मग दोष पाण्यावर गेला. नवं पाणी आणलं, गाळलं, पुन्हा गाळलं. शहाणपणा म्हणून ताईने या वेळी नुसतं पाणीच मशीनमध्ये ठेवलं. पिशव्या नाहीत, काही नाही.

पहिला डोंगर गेला. दुसरा जागेवर!

"म्हणजे धूळच आहे," ताई म्हणाली आणि सावकाश वळून भिंगरीकडे बघायला लागली.

"माझ्याकडे काय बघतेस? मी श्वास भिंतीकडे सोडतेय!"

"तुझे केस बघ. घरटं आहे नुसतं."

केसांवर प्लास्टिकची टोपी चढली. पंखा बंद झाला. खिडकी बंद झाली. ताईने टेबल तीनदा पुसलं आणि ती इतकी काळजी घ्यायला लागली की कुपी भरताना कुपीवर दुसऱ्या हाताचं छप्पर धरायची. बाहीसकट. दुसरा डोंगर आता पडद्यात मावेना. साडेतीन वाजले.

"तू बाहेर हो," ताई म्हणाली. तिने भिंगरीला दंडाला धरून व्हरांड्यात नेऊन ठेवलं आणि दार लावलं. भिंगरीला भांडायचं होतं, पण ताईचे डोळे भरलेले दिसले. चार वर्षं ती या पिशव्यांच्या मागे होती. तिने मैत्रिणींची लग्नं बुडवली, पण रीडिंग कधी बुडवलं नाही.

तेवढ्यात भिंगरीच्या फोनवर बाबा.

"काय गं, कोट कसा दिसतोय? बसल्यावर मोडला नाही ना?"

"बाबा, इथे काय चाललंय आणि तुम्ही कोटाचं..."

"मोडायचा नाही! डबल खळ घातलीय. गिऱ्हाइकांना सिंगल, पोरीला डबल. थोडी झडेल, पण पडायचा नाही."

"थोडी काय होईल?"

"झडेल गं. पावडरसारखी."

भिंगरीने स्वतःच्या दंडाकडे बघितलं. ताईने धरलं होतं तिथे निळ्या टॉपवर पांढरा पट्टा उमटला होता. व्हरांड्याच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप येत होती. तिने तिरिपेत जाऊन पट्ट्यावर फटका मारला. हजारो पांढरे कण उन्हात चमकत, गिरक्या घेत वर चढले. मशीन आत जे करत होतं, ते इथे ऊन फुकटात करत होतं.

तिने दार धाडकन उघडलं. "ताई, कोट काढ! तू म्हणजे धूळ!"

ताईने आधी तिच्याकडे बघितलं, मग बाहीकडे, मग बाही झटकली. आणि मटकन स्टुलावर बसली.

"काढून काय करू? कोटाशिवाय मशीनला हात लावलेला मॅडमना चालत नाही."

"दुसरा घाल ना." भिंगरीने खुंट्यांकडे बोट केलं.

खुंट्यांवर तीन कोट होते. तिन्ही ताठ, परेडला उभे. "आज सगळे छान दिसू दे" म्हणून ताईनेच ते बाबांना नेऊन दिले होते.

चारला दहा कमी. भिंगरीने आपली पिशवी उलटी केली. आईने पाचवीपासून न चुकता तिच्यात कोंबलेला रेनकोट बाहेर पडला. पिवळा, प्लास्टिकचा, खळीचा कण नसलेला. त्याच्यावर बदकं होती, पण बदकं काही झडत नाहीत.

"मी हे घालणार नाही."

"मग पुढच्या वर्षी घाल प्रबंध."

ताईने घातला. बाह्या कोपरापर्यंत आल्या. भिंगरीने तिला ओल्या कापडाने नखशिखांत पुसलं, टेबल पुसलं, स्वतःलाही पुसलं. नवी कुपी, पिशव्यांचं नवं पाणी. पहिलं रीडिंग: एकच डोंगर. दुसरं: एकच. दोघी श्वास भिंतीकडे सोडत होत्या.

तिसऱ्याच्या मध्यात मॅडम आल्या. त्यांनी बदकांकडे बघितलं. बदकांनी त्यांच्याकडे. पडद्यावर तिसरा डोंगर उमटला, सुईसारखा, एकटा.

"तीन?" मॅडमनी विचारलं.

"तीन, मॅडम."

"सुरेख." त्यांनी खुंटीवरच्या कोटाची बाही दोन बोटांत धरून झटकली आणि तिरिपेसारखं बारीक हसल्या. "हे कोट कोणी धुतले?"

भिंगरीने तोंड उघडलं. ताईने तिचा पाय दाबला.

"मी, मॅडम. घाईत जरा जास्तच खळ पडली."

संध्याकाळी दोघी चारही कोट घेऊन लाँड्रीत शिरल्या, तेव्हा बाबा इस्त्री हातात घेऊन वाटच बघत होते. "काय म्हणाल्या मॅडम?"

"पास!" भिंगरी ओरडली.

"आणि कोटाबद्दल?"

"असे कोट त्यांनी आजवर पाहिले नव्हते, बाबा," ताई म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

बाबांनी मान डोलवली. कोट हातात घेतला, बाहीच्या घडीवरून अंगठा फिरवला, अंगठा बघितला. भिंगरीच्या पिशवीतून डोकावणारी पिवळी बाही बघितली. "हं," म्हणाले आणि इस्त्री पुढे ढकलली.

सोमवारी सकाळी ताई निघाली, तेव्हा चारही कोट घडी करून तयार होते. मऊ, लुळे, आंघोळ घातलेल्या मांजरासारखे. बाबांच्या दुकानातून एवढा लुळा कपडा आजवर बाहेर पडला नव्हता.

"या वेळी साधेच ठेवलेत," बाबा इस्त्रीकडे बघत म्हणाले. "खळ संपली होती."

"हो का, बाबा?" ताई म्हणाली.

"अरेरे," भिंगरी म्हणाली.

बाबांच्या मागे खळीची बादली काठोकाठ भरलेली होती. तिच्याकडे तिघांपैकी कोणीच बघितलं नाही.